गोळी आणि गोळी घेणारी माणसं

प्रश्न : वर्तमानपत्रात दर आठवड्याला एखादी बातमी असतेच. अमुक खाणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, तमुक करणाऱ्यांना स्मृतिभ्रंश उशिरा होतो. माझा भाचा संख्याशास्त्र शिकतोय. तो अशा प्रत्येक बातमीवर एकच वाक्य ऐकवतो, ‘‘मामा, सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे.’’ मान्य. पण मग सिगारेटने कर्करोग होतो हे तरी कसं सिद्ध झालं? माणसांना मुद्दाम सिगारेट ओढायला लावून कुणी प्रयोग केलेला नाही. तिथेही सहसंबंधच होता. एका ठिकाणी तो चालतो, दुसऱ्या ठिकाणी चालत नाही, हा कुठला न्याय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : भाच्याचं वाक्य खरं आहे आणि तुमची शंकाही रास्त आहे. दोन्हींचा उलगडा एका गोळीच्या इतिहासातून होतो, म्हणून आधी तो सांगतो.

१९४२ मध्ये अमेरिकेत ‘प्रेमारिन’ नावाची गोळी बाजारात आली. गाभण घोडीच्या मूत्रातून वेगळं काढलेलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक तिच्यात होतं. पाळी जाण्याच्या सुमारास अंगाची लाही होते, रात्री घामाने जाग येते. त्या त्रासावर ही गोळी लागू पडत होती, आजही पडते. पण पुढे तिच्याबद्दल वेगळीच आशा वाढीला लागली. पन्नाशीपर्यंत बायकांना पुरुषांपेक्षा हृदयविकार कमी होतो आणि पाळी गेल्यावर तो वाढू लागतो. म्हणजे इस्ट्रोजेनच हृदयाला जपत असणार, आणि ते बाहेरून देत राहिलं तर पुढेही जपेल. तर्क सरळ होता, ऐकताच पटणारा होता.

त्याला आकड्यांचीही साथ मिळाली. हार्वर्डमधले संशोधक १९७६ पासून १,२१,७०० परिचारिकांचा अभ्यास करत होते. दर दोन वर्षांनी टपालाने प्रश्नावली जायची आणि परिचारिका ती काळजीपूर्वक भरून पाठवायच्या. १९८५ मध्ये त्यांच्यापैकी पाळी गेलेल्या ३२,३१७ जणींची माहिती प्रसिद्ध झाली. ज्यांनी कधी ना कधी या गोळ्या घेतल्या होत्या, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या निम्मं होतं. ज्या त्या वेळी घेत होत्या, त्यांच्यात ते एक तृतीयांशाच्याही खाली होतं. विशेष म्हणजे ही माहिती छापणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकाच्या त्याच अंकात, फ्रॅमिंगहॅम गावातल्या १,२३४ स्त्रियांच्या पाहणीचा निष्कर्ष बरोबर उलटा होता. गोळी घेणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार जास्त दिसत होते. जगाने परिचारिकांचा आकडा उचलला. पुढच्या वर्षांत इतर पाहण्यांतूनही साधारण तसंच दिसत राहिलं आणि १९९० च्या दशकात प्रेमारिन ही अमेरिकेत सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक झाली.

ही कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडल्याची गोष्ट नव्हती, हे इथे नीट लक्षात घ्यायला हवं. हजारो बायका, वर्षानुवर्षं, आणि आकडा पुन्हा पुन्हा तोच. एवढा चिवट योगायोग नसतो. गोळी घेणाऱ्या बायकांना हृदयविकार खरोखरच कमी होत होता. फक्त तो गोळीमुळे कमी होत होता का, हे कुणाला माहीत नव्हतं.

गोळी कोण घेत होतं ते पाहा. जिला डॉक्टरकडे जाणं परवडतं ती. जी नेमाने तपासण्या करून घेते, व्यायाम करते, वजनाकडे लक्ष देते, सिगारेटपासून बहुधा लांब राहते ती. आणि डॉक्टरही अशी गोळी मुळात धडधाकट बाईलाच देतात, आजारी बाईला द्यायला कचरतात. म्हणजे गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या अशा दोन गटांची तुलना करताना आपण नकळत दोन वेगळ्या आयुष्यांची तुलना करत असतो. कॅलिफोर्नियातल्या वॉलनट क्रीक इथल्या अभ्यासात याची खूण मिळाली होती. तिथे इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत हृदयविकाराचे मृत्यू कमी होतेच, पण अपघात, आत्महत्या आणि खून यांनी होणारे मृत्यूही कमी होते. कुठलीही गोळी खून टाळू शकत नाही. खून जिथे कमी होतात अशा वस्तीत, अशा घरात राहणाऱ्या बायका ती गोळी घेत होत्या, एवढाच त्याचा अर्थ.

यावर भाचा म्हणेल, संशोधक इतके भोळे नसतात, ते वय, वजन, सिगारेट या सगळ्याचा हिशेब करून मगच आकडा सांगतात. खरं आहे, परिचारिकांच्या अभ्यासातही तो केला होता. पण हिशेब करता येतो तो मोजलेल्या गोष्टींचा. न मोजलेल्या गोष्टींचं काय होतं, हे दाखवणारा एक निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मते तो प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला आणि आरोग्याच्या बातम्या लिहिणाऱ्या प्रत्येकाला पाठ असायला हवा.

एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली. काहींना क्लोफायब्रेट हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध दिलं, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. पाच वर्षांनी दोन्ही गटांतले मृत्यू जवळपास सारखेच निघाले. मग कुणाच्या तरी मनात आलं, की गोळ्या नेमाने घेणारे आणि चुकवणारे वेगळे करून बघू. क्लोफायब्रेट नेमाने घेणाऱ्यांत १५ टक्के दगावले होते आणि चुकवणाऱ्यांत २४.६ टक्के. इथेच थांबलं असतं तर औषध गुणकारी ठरलं असतं. पण तीच मांडणी बिनऔषधी गोळीच्या गटातही करून पाहिली. ती नेमाने घेणाऱ्यांत १५.१ टक्के मृत्यू, चुकवणाऱ्यांत २८.२ टक्के. काहीही औषध नसलेली गोळी वेळेवर घेतली म्हणून जीव वाचत नाही. जो माणूस ती वर्षानुवर्षं वेळेवर घेतो, तो इतरही शंभर गोष्टी वेळेवर करत असतो. किंवा ज्याची तब्येत आधीच ढासळली आहे, त्याच्या हातून गोळ्या चुकत असतात. संशोधकांनी दोन गटांतल्या ४० गोष्टींचा हिशेब केला, तरीही फरकाचा मोठा भाग शिल्लकच राहिला. चाळीस गोष्टी मोजूनही सापडली नाही अशी काहीतरी बाब त्या माणसांत होती.

हा गुंता सोडवायचा मार्ग एकच होता. गोळी कुणी घ्यायची हे माणसाने ठरवू नये, त्याच्या डॉक्टरनेही ठरवू नये. चिठ्ठ्या टाकाव्यात. चिठ्ठीला श्रीमंत-गरीब कळत नाही, नेमाचा माणूस आणि आळशी माणूस यांतला फरक कळत नाही. त्यामुळे वजन, रक्तदाब, सिगारेट तर दोन्ही गटांत सारखी वाटली जातेच, पण घरातलं स्वास्थ्य, स्वभावातली चिकाटी, अजून विज्ञानाला माहीतही नसलेल्या गोष्टी, हे सगळंही साधारण सारखं विभागलं जातं. मग पुढे फरक दिसला तर तो गोळीचाच. संख्याशास्त्राने वैद्यकाला दिलेल्या सगळ्या देणग्यांत मला ही सर्वांत मोलाची वाटते.

अमेरिकी सरकारच्या निधीतून ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या नावाने ही चाचणी झाली. गर्भाशय शाबूत असलेल्या, ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रिया तिच्यात होत्या. निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन संप्रेरकांची एकत्र गोळी, निम्म्यांना बिनऔषधी गोळी. साडेआठ वर्षं चालायची होती, पण जुलै २००२ मध्ये, सरासरी ५.२ वर्षांनी ती थांबवावी लागली. दर वर्षी दहा हजार स्त्रियांमागे हृदयविकाराच्या घटना बिनऔषधी गटात ३० आणि गोळीच्या गटात ३७ होत होत्या. पक्षाघात २१ ऐवजी २९, स्तनाचा कर्करोग ३० ऐवजी ३८, फुप्फुसात रक्ताची गुठळी ८ ऐवजी १६. खुब्याचं हाड मोडणं १५ वरून १० वर आणि आतड्याचा कर्करोग १६ वरून १० वर आला होता, हेही सांगायला हवं. पण ज्या हृदयासाठी लाखो बायका ही गोळी घेत होत्या, त्या हृदयाला ती जपत नव्हती. १९९८ मध्ये आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रियांच्या चाचणीतही फायदा दिसला नव्हता, उलट पहिल्या वर्षी त्रास वाढला होता.

बातमी छापून आली ती ‘हृदयविकाराचा धोका २९ टक्क्यांनी वाढतो’ अशी. आकडा बरोबर आहे. वर्षाला दहा हजारांत सात जणी जास्त, हाही तोच आकडा आहे. पहिला वाचून घबराट पसरते, दुसरा वाचून विचार करता येतो. असंख्य बायकांनी गोळ्या रातोरात बंद केल्या. त्यांतल्या कित्येकींना त्यांची खरोखर गरज होती.

इथवरची गोष्ट ‘आधीचे मूर्ख, नंतरचे शहाणे’ अशी सांगितली जाते, आणि ते मला पटत नाही. चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बराच काळ लोटला होता. परिचारिका मात्र पाळी जातानाच गोळी सुरू करत होत्या. शिवाय या गोळीचा त्रास सुरुवातीच्या काळात जास्त होतो. ज्या बाईला सुरुवातीलाच झटका आला, ती ‘सध्या गोळी घेणाऱ्या’ बायकांच्या यादीत पोचतच नव्हती. यादीत उरत होत्या त्या तावून सुलाखून निघालेल्या. २००८ मध्ये मिगेल हर्नान आणि सहकाऱ्यांनी परिचारिकांची जुनीच माहिती घेऊन, जणू त्या चाचणीत सामील झाल्या आहेत अशा रीतीने, गोळी सुरू केल्याच्या दिवसापासून मोजणी केली. तेव्हा दोन्हींतली तफावत बरीचशी मिटली. माणसं वेगळी होती हे खरंच, पण मोजायला सुरुवात कुठून केली हेही तितकंच महत्त्वाचं निघालं. आज या उपचाराबद्दल साधारण एकमत असं आहे : वय साठीच्या आत असेल, पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील आणि त्रास फार असेल, तर आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यायला हरकत नाही. हृदयविकार टाळायचा म्हणून मात्र घेऊ नये. हे वाचणाऱ्या कुणी भगिनी ही गोळी घेत असतील तर त्यांनी या सदराच्या भरवशावर ती सुरूही करू नये आणि बंदही करू नये.

आता तुमची सिगारेट.

१९५० मध्ये लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण आणि दुसऱ्या आजारांचे तितकेच रुग्ण यांची तुलना केली. कर्करोगाच्या ६४९ पुरुषांत सिगारेट, पाइप यांतलं काहीही न ओढणारे फक्त दोन निघाले, दुसऱ्या गटात २७. पण मुलाखत घेणाऱ्यांनीच कर्करोगाच्या रुग्णांना खोदून खोदून विचारलं असेल तर? काही रुग्णांचं निदान पुढे चुकीचं ठरलं होतं, म्हणजे मुलाखतीच्या वेळी त्यांना कर्करोग आहे असं समजलं जात होतं, प्रत्यक्षात नव्हता. त्यांच्या सवयी दुसऱ्या गटासारख्याच निघाल्या. शंका निघाली, तपासली, बाजूला झाली. १९५१ मध्ये या दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच त्यांच्या सवयी विचारल्या आणि उत्तर देणाऱ्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांवर पुढे पन्नास वर्षं लक्ष ठेवलं गेलं. सिगारेट ओढत राहणाऱ्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटलं होतं. तिशीत सोडणाऱ्यांची ती जवळपास सगळी वर्षं वाचली, पन्नाशीत सोडणाऱ्यांची सहा.

तरीही एका मोठ्या माणसाने हरकत घेतली होती. सर रोनाल्ड फिशर. शेतीच्या प्रयोगांत चिठ्ठ्या टाकून वाफे निवडायची पद्धत रूढ करणारे, आधुनिक संख्याशास्त्राचे एक शिल्पकार. तुमच्या भाच्याचंच वाक्य ते सांगत होते. ते म्हणाले, सिगारेटची ओढ लावणारा आणि कर्करोगही देणारा एकच आनुवंशिक दोष असू शकेल. ते स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते, म्हणून अनेकांनी त्यांना उडवून लावलं. मला ते बरोबर वाटत नाही, कारण हरकत तर्काला धरून होती. तिला उत्तर देणं भाग होतं आणि ते दिलं गेलं.

१९५९ मध्ये जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी साधं गणित मांडलं. सिगारेट ओढणाऱ्यांत कर्करोग नऊपट असेल आणि तो सिगारेटमुळे नसून एखाद्या दडलेल्या दोषामुळे असेल, तर तो दोष ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांपेक्षा किमान नऊपट जास्त आढळायला हवा. एवढी ठळक गोष्ट कुणाच्याच नजरेला पडली नाही असं कसं होईल? संप्रेरकाच्या गोळीत फरक दुप्पट-तिप्पट होता, राहणीमानातल्या तफावतीत तो मावत होता. नऊपट फरक तसा मावत नाही. शिवाय फुप्फुसाचा कर्करोग काही दशकांत झपाट्याने वाढला होता, माणसांची आनुवंशिकता इतक्या वेगाने बदलत नाही. सिगारेट सोडली की धोका उतरत होता, दोष मात्र जन्मभराचा. फिनलंडमध्ये एकाच बीजातून जन्मलेल्या जुळ्यांपैकी एक ओढणारा आणि एक न ओढणारा अशा जोड्या अभ्यासल्या, तेव्हा ओढणारा भाऊ आधी जाण्याचं प्रमाण जास्त निघालं. दोघांची आनुवंशिकता तंतोतंत एकच होती. १९९६ मध्ये धुरातला बेंझोपायरिन हा पदार्थ पेशीतल्या ‘पी-५३’ या जनुकावर नेमका त्याच जागांवर चिकटतो हे दिसलं, ज्या जागा फुप्फुसाच्या कर्करोगात बिघडलेल्या सापडतात.

आपल्या मुंबईचाही या कामात वाटा आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयात काम केलेले, भारतातल्या कर्करोग संशोधनाचा पाया घालणारे डॉ. वसंत खानोलकर, त्यांचे सहकारी डॉ. एल. डी. संघवी आणि राव यांनी १९५५ मध्ये तंबाखू आणि तोंड-घशाचा कर्करोग यांवरचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. तंबाखू चघळणाऱ्यांना तोंडातला कर्करोग, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना घशाच्या बाजूचा, असा फरक त्यात दिसत होता. आता सांगा, तंबाखूची ओढ लावणारा एखादा आनुवंशिक दोष, माणूस चिमूट गालात धरतो की विडी ओढतो हे बघून कर्करोगाची जागा कशी बदलेल? तंबाखू जिथे लागते तिथे कर्करोग होतो, याचं सरळ स्पष्टीकरण तंबाखूच.

तर न्याय दोन्हीकडे एकच आहे. सहसंबंध दिसला की त्याची आणखी काय काय कारणं असू शकतील ते विचारायचं आणि एकेक तपासायचं. संप्रेरकाच्या गोळीबाबत ती कारणं उभीच राहिली. तंबाखूबाबत एकही टिकलं नाही. ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ च्या व्याख्यानात असे नऊ मुद्दे मांडले आणि त्यांतला एकही अनिवार्य नाही हेही बजावलं. भाच्याला ते व्याख्यान जरूर वाचायला द्या. ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे’ एवढंच म्हणून हात झटकायचं काम तंबाखू कंपन्यांनी कित्येक वर्षं केलं, आणि त्या वर्षांत माणसं मरत राहिली.

प्रश्न : याच विषयाला धरून विचारतो. रोज थोडी दारू घेणारे अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात असे खूप अभ्यास आहेत म्हणे. तिथे तर चिठ्ठ्या टाकून वर्षानुवर्षं दारू पाजता येणार नाही. मग निवाडा कसा करायचा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी ‘न घेणारे’ म्हणजे कोण ते विचारा. १९८८ मध्ये ब्रिटनमधल्या ७,७३५ पुरुषांच्या अभ्यासातून दिसलं, की आजार जडल्यावर अनेक जण दारू सोडतात. मग न घेणाऱ्यांच्या गटात आजारी माणसं साचतात आणि बेताने घेणारे त्यांच्या शेजारी ठणठणीत दिसतात.

चिठ्ठी मात्र इथेही आहे, ती जन्माच्या वेळीच पडते. पूर्व आशियात अनेकांच्या शरीरात एक जनुकीय फरक असतो, त्यामुळे दारू पचत नाही, चेहरा लाल होतो, मळमळतं. अशी माणसं आपोआप कमी पितात. आईबापांकडून हा फरक मिळणं न मिळणं निव्वळ दैवाचं, त्याचा उत्पन्नाशी किंवा शिस्तीशी संबंध नाही. चीनमध्ये पाच लाखांहून अधिक लोकांचा मोठा अभ्यास चालू आहे. त्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : लोकांनी सांगितलेल्या सवयींवरून पाहिलं, तर बेताने पिणाऱ्या पुरुषांत पक्षाघात सर्वांत कमी दिसत होता. जनुकांच्या चिठ्ठीवरून पाहिलं, तेव्हा तो फायदा नाहीसा झाला. जितकी दारू जास्त, तितका पक्षाघात जास्त. मग हा परिणाम त्या जनुकाचाच नसेल कशावरून? तीच जनुकं तिथल्या स्त्रियांतही असतात, पण त्या दारू जवळजवळ घेतच नाहीत. त्यांच्यात जनुक कुठलंही असो, पक्षाघाताच्या धोक्यात फरक पडला नाही.